बर्फाची कॉफी

वैशाखाचे दिवस. दुपारचे दोन वाजलेले. देऊळगाव राजाच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. बालाजीच्या देवळाजवळची फरशी इतकी तापली होती, की अनवाणी पाय ठेववत नव्हता. पारा चाळीस अंशांच्या वर गेला होता. अशा वेळी आम्ही ओळखीच्या एका घरी विसाव्याला थांबलो.

त्या घरात आजी आहेत, सूनबाई आहेत आणि पुण्याला शिकणारा नातू आहे. नातू सुट्टीला आला होता. तो म्हणाला, "आजी, आज तुला बर्फाची कॉफी पाजतो. पुण्यात एका पेल्याला पुष्कळ पैसे मोजावे लागतात. घरी थोडक्यात होते."

आजी हसल्या. "कॉफी अन् थंड? अरे, कॉफी कढत प्यायची असते. जायफळ घालून. पाहुणा आला म्हणजे."

नातू ऐकेना. तो चौकात गेला आणि गाडीवरून बर्फाचा मोठा तुकडा घेऊन आला. बर्फ पोत्यात गुंडाळलेला होता. पोते मळके होते. आजींनी बर्फाकडे पाहिले. मग विचारले, "बाबू, हा बर्फ कुठल्या पाण्याचा हाय?"

नातू गप्प. सूनबाई गप्प. खरे सांगायचे तर आम्हीही गप्प.

आजी म्हणाल्या, "प्यायचं पाणी आपण गाळतो, उकळतो. मग बर्फाला का नाही विचारायचं? बर्फ म्हंजे पाणीच ना?"

आजींच्या विचारण्याला कारण होते. फार वर्षांपूर्वी त्यांचे धाकटे दीर काविळीने दोन महिने अंथरुणाला खिळले होते. ऐन पेरणीचे दिवस. पेरणी दुसऱ्याच्या हातून करावी लागली. रोग कुठल्या पाण्यातून आला, ते शेवटपर्यंत कळले नाही. पण तेव्हापासून आजी प्रत्येक पाण्याची चौकशी करतात.

आजींचा प्रश्न आपण नीट समजून घेऊ. मग कॉफी करू.

१. बर्फ म्हणजे पाणीच

पाणी गोठले की बर्फ होतो. पुष्कळांना वाटते, एवढ्या थंडीत रोगाचे जंतू मरत असतील. तसे होत नाही. गोठल्याने सगळे जंतू मरत नाहीत. पुष्कळसे नुसते निजून राहतात. बर्फ वितळला की ते पुन्हा जागे होतात. हगवण, कॉलरा, विषमज्वर आणि पाण्यातून येणारी कावीळ हे रोग घाणेरड्या पाण्याने होतात. त्याच पाण्याच्या बर्फानेही होऊ शकतात.

कारखान्यातला सगळा बर्फ खाण्यासाठी नसतो. काही बर्फ मासळी ठेवण्यासाठी असतो, काही इतर माल थंड ठेवण्यासाठी असतो. दोन्ही दिसायला सारखेच. म्हणून २०१८ साली आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने नियम केला. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात खायचा निळा रंग घालावा, म्हणजे लोकांना तो ओळखता येईल. तेव्हा निळसर बर्फ दिसला तर तो पोटात जाऊ देऊ नका. पण पांढरा दिसला म्हणून तो शुद्धच, असेही समजू नका. चांगल्या पाण्याचा बर्फसुद्धा मळक्या पोत्याने आणि मळक्या हाताने नासतो.

२. बर्फ आणि कॉफी आली कोठून?

एके काळी आपल्या देशात बर्फ अमेरिकेहून येत असे. १८३३ साली बोस्टन गावाहून एक जहाज निघाले. त्यात सुमारे १८० टन बर्फ होता. तो तिकडच्या गोठलेल्या तळ्यांतून कापलेला होता. चार महिन्यांनी जहाज कलकत्त्याला पोचले. वाटेत बराच बर्फ वितळला, तरी सुमारे १०० टन शिल्लक होता! युक्ती साधी होती. बर्फाभोवती लाकडाचा भुसा भरला होता. भुशातून बाहेरची उष्णता आत लवकर शिरत नाही. आपण बर्फ पोत्यात गुंडाळतो, तोही त्याचसाठी.

कॉफीही बाहेरूनच आली. असे सांगतात की, सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या साधुपुरुषाने अरबस्तानातून कॉफीच्या सात बिया आणल्या आणि कर्नाटकात चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या. आजही त्या डोंगराला त्यांचे नाव आहे. आपल्या विदर्भातही कॉफी होते, हे किती जणांना माहीत आहे? अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफीची झाडे आहेत. तिथली हवा थंड, पाऊस चांगला आणि वर झाडांची सावली. कॉफीला असेच लागते. म्हणून ती देऊळगावच्या कपाशीच्या रानात होत नाही.

३. पाकीट वाचा

कॉफीची भुकटी दोन तऱ्हेची मिळते. एक गरम पाण्यात लगेच विरघळते. दुसरी दळलेल्या बियांची असते. ती विरघळत नाही, गाळावी लागते.

पुष्कळ पाकिटांत कॉफीबरोबर चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी हे एका झाडाचे मूळ आहे. ते भाजून दळतात. त्याने रंग दाट येतो आणि भाव उतरतो. हे मिश्रण विकायला कायद्याने मनाई नाही. पण त्यात कॉफी निदान शंभरात ५१ भाग पाहिजे, आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापले पाहिजे. अक्षरे इंग्रजी असली तरी आकडे आपल्याला वाचता येतात. कॉफीचा आकडा पाहा. तारीख पाहा. मगच पैसे द्या. वाचायला शिकलो, त्याचा हा एक उपयोग.

४. कॉफी करण्याची रीत

ही रीत चार पेल्यांची आहे.

आदल्या रात्री पाणी चांगले खळखळ उकळा. झाकण ठेवून निवू द्या. फ्रीजमधले बर्फाचे भांडे घासून धुवा. त्यात हे पाणी ओता आणि गोठायला ठेवा. हा आपला घरचा बर्फ.

दूध उकळा. निवले की साय काढून थंड ठेवा. अडीच कप दूध लागेल.

आता कॉफी. विरघळणारी भुकटी असेल तर दीड कप उकळते पाणी घ्या. त्यात चहाचे चार सपाट चमचे भुकटी घाला. दळलेली भुकटी असेल तर पाणी उकळून खाली उतरवा. मग पाच शीग भरलेले चमचे घाला. झाकण ठेवून पाच मिनिटे थांबा. स्वच्छ फडक्याने गाळा. चोथा फार पिळू नका, कडवटपणा येतो.

साखर आताच घाला, कॉफी गरम आहे तोवर. सहा ते आठ चमचे पुरे. थंड कॉफीत साखर विरघळत नाही, तळाला बसते. मग माणूस चमच्यावर चमचे घालीत सुटतो. गुळाची आवड असेल तर गूळही याच वेळी विरघळवा. पण गूळ आणि कढत दूध एकत्र आणू नका, दूध फाटण्याची भीती असते. दोन्ही गार झाल्यावर मिसळा.

कॉफीचे भांडे झाकून घमेल्यातल्या पाण्यात ठेवा. पाणी कोमट झाले की एकदा बदला. अर्ध्या तासात कॉफी निवते.

शेवटी घट्ट झाकणाच्या डब्यात गार कॉफी आणि गार दूध ओता. डबा अर्धाच भरा. वीस-पंचवीस वेळा जोराने हलवा. छान फेस येतो. कॉफी गरम असताना असे करू नका, झाकण उडून अंगावर येईल. पेल्यात बर्फाचे चार-पाच तुकडे टाका. वरून कॉफी ओता. झाली कॉफी.

५. कॉफी पाणचट का होते?

कारण बर्फ वितळतो. पेल्यात पाणी वाढते आणि चव जाते. म्हणून थंड कॉफी नेहमीपेक्षा कडक करावी. वर सांगितलेले माप तसेच आहे.

आणखी एक युक्ती आहे. थोडी काळी कॉफी बर्फाच्या भांड्यात घालून तिचाच बर्फ करा. तो वितळला तरी पाणी होत नाही, कॉफीच होते.

६. फ्रीज नसेल तर?

नातवाने आणलेल्या बर्फाचे काय झाले, ते आता सांगतो. सूनबाई म्हणाल्या, "आत्याबाई, पैसे देऊन आणलाय. फेकायचा कसा?"

आजींनी थोडा विचार केला. म्हणाल्या, "पोटात नको, पण भांड्याभोवती चालेल की! कुल्फीवाला काय करतो?"

आम्ही म्हटले, वाहवा! लगेच बादली आणली. बर्फ पोत्यातच फोडला. बादलीत टाकला आणि वर दोन मुठी जाडे मीठ पसरले. कॉफीचा डबा घट्ट झाकून मधोमध ठेवला. मिठाने बर्फ लवकर वितळतो आणि वितळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो. त्यामुळे नुसत्या बर्फापेक्षा जास्त गारठा येतो. पंधरा-वीस मिनिटांत डबा हाताला झोंबू लागला. सूनबाईंनी डबा बाहेरून धुतला, कोरड्या फडक्याने पुसला, मग उघडला. बाजारच्या बर्फाचा एक थेंब कॉफीत गेला नाही.

बर्फही नसेल तर आपला माठ काय करतो, ते आठवा. माठातून पाणी झिरपते. वाऱ्याने ते उडून जाते. जाताना उष्णता घेऊन जाते. तसेच कॉफीच्या भांड्याला ओले फडके गुंडाळा. भांडे पाण्याच्या परातीत, सावलीत, वाऱ्याच्या तोंडाशी ठेवा. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी, म्हणून ही युक्ती आपल्याकडे चांगली चालते. मात्र अशी ठेवायची ती काळी कॉफी. दूध प्यायच्या वेळीच घाला. उन्हाळ्यात दूध घातलेली कॉफी तासाभराहून जास्त बाहेर राहू देऊ नका.

७. कोणी प्यावी, किती प्यावी?

कॉफीने तरतरी येते, पण झोप उडते. म्हणून संध्याकाळनंतर घेऊ नये. लहान मुलांना देऊ नये. त्यांना गार दूध द्यावे. गरोदर बाईने दिवसाला एका पेल्याहून जास्त घेऊ नये. त्यात चहाही धरावा.

जेवणाबरोबर कॉफी किंवा चहा घेऊ नये. भाजी-भाकरीतले लोह अंगी लागण्यात त्याने अडथळा येतो. अंगात रक्त कमी असलेल्या बायांनी हे विशेष जपावे. जेवणाच्या आधी किंवा नंतर तासभर अंतर ठेवावे.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट. बर्फाची कॉफी ही उन्हावरचे औषध नव्हे. रानातून किंवा शेडनेटमधल्या कामावरून कोणी गळून आले, घेरी आली, तर त्याला कॉफी देऊ नका. सावलीत निजवा. अंग ओल्या फडक्याने पुसा, वारा घाला. शुद्धीवर असेल तर साखर-मिठाचे पाणी घोट घोट पाजा. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला तर तोंडात काही घालू नका. १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवा. ती येईपर्यंत अंगावर पाणी घालून वारा घालत राहा.

त्या दुपारी आम्ही पाच जण कॉफी प्यायला बसलो. शेजारची सातवीतली पोर आली होती, तिला गार दूध मिळाले. आजींनी पेला तोंडाला लावला. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहू लागले.

"बरी लागते," आजी म्हणाल्या. "पण जायफळ पाहिजे होतं." सूनबाई उठल्या आणि सहाणेवर जायफळ उगाळून घेऊन आल्या. नातू म्हणाला, "आजी, पुण्याला गेल्यावर मी पण विचारणार, बर्फ कुठल्या पाण्याचा म्हणून."

"विचार," आजी म्हणाल्या. "विचारायला पैसे पडत नाहीत."

ध्यानात ठेवा

बर्फ म्हणजे पाणीच. गोठल्याने जंतू मरत नाहीत.
पेल्यात घरचा बर्फ. बाजारचा बर्फ भांड्याच्या बाहेर.
कॉफी कडक करा. साखर गरम असतानाच घाला.
उन्हाने गळलेल्या माणसाला साखर-मिठाचे पाणी. कॉफी नको.

सांगा पाहू

१. आजींनी नातवाला कोणता प्रश्न विचारला? का विचारला?
२. निळ्या बर्फाचा अर्थ काय?
३. बर्फावर मीठ का टाकले?
४. तुमच्या घरी कॉफीचे किंवा चहाचे पाकीट असेल तर त्यावरचे आकडे आणि तारीख वाचून वहीत लिहा.
५. तुमच्या गावात बर्फ कोठून येतो? तो कुठल्या पाण्याचा असतो? विचारून या आणि वर्गात सांगा.