बहर भरघोस आला, आता झाडाकडे बघ

नागपूर,
कार्तिक पौर्णिमा

चि. बाबूस,
मोठेबाबाचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा आवाजातच संत्र्याचा आंबिया बहर दिसत होता. फांद्यांना बांबूचे टेकू कमी पडताहेत, व्यापारी रोज बांधावर येताहेत, आणि तू विचारतोस, बगीचा आता देऊ की जानेवारीपर्यंत थांबू? पैसा आला की नवी बोअर मारू का? फोनवर घाईत उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून लिहितो.

आधी हा बहर आला कसा, ते नीट समजून घे. मागच्या साली एप्रिलच्या उन्हात निम्म्याहून अधिक फळगळ झाली. आपण हळहळलो, पण झाडाला मात्र उसंत मिळाली. त्या वर्षी जे फळात गेलं नाही, ते मुळांत नि खोडात साठलं. पुढे थंडीत पाण्याचा ताण चांगला बसला, फूल एकदम फुटलं आणि पाऊसही वेळेवर झाला. तुझे कष्ट आहेतच, ते मी नाकारत नाही. पण यंदाचं पीक मागच्या वर्षीच्या शिलकीतून आलं आहे, आणि ती शिल्लक आता संपत आली आहे. आपला नागपुरी संत्रा बियांचा. एवढी फळं पोसताना साठवण तर सरतेच, शिवाय वाढत्या बियांतून निघणारी संजीवकं पुढच्या फुलाला आवर घालतात. म्हणून भरघोस सालामागून रितं साल येतं. वरूड-मोर्शीकडे हे नवीन नाही. नवीन एवढंच, की या वर्षी ते तुझ्या हाताखाली घडतं आहे.

आता विक्री. तुझ्याकडे माल भरपूर आहे तसा शेजाऱ्याकडेही आहे. कळमन्यात गाड्यांची रांग लागली की भाव कुणासाठी थांबत नाही. बांगलादेश आपलं मोठं गिऱ्हाईक, पण त्यांनी आयात शुल्क वाढवत नेल्यापासून तिकडचा भरवसाही पूर्वीसारखा राहिला नाही. जानेवारीत भाव चढेल असं सांगणारे बरेच भेटतील. त्यांना एक विचार, फळ झाडावर असताना ताण कसा द्यायचा? आंबियाला पाणी तोडायचं ते डिसेंबर-जानेवारीत. फळ लटकलेलं असताना पाणी तोडलंस तर फळ सुकेल, नाही तोडलंस तर पुढचं फूल हुकेल. शिवाय जास्त राखलेल्या संत्र्याची साल सुटते आणि आतून ते पोकळ होतं. तेव्हा रंग आणि गोडी आली की तोड सुरू कर, आणि डिसेंबर उजाडून फार दिवस जायच्या आत बाग मोकळी कर.

ठोक देणार असशील तर आकडा व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकू नकोस. 20 बाय 20 फुटांवर एकरी सुमारे 108 झाडं बसतात. त्यातली जोमदार, मध्यम आणि कमजोर अशी काही निवड, फळं मोजून सरासरी काढ, मगच हजारी भावाचं बोलणं कर. सौदा कागदावर हवा. इसार किती, बाकी रक्कम कोणत्या तारखेपर्यंत, गारपीट झाली तर नुकसान कुणाचं, आणि बारीक माल कोण उचलणार, हे चारही त्यात लिहून घे. मोठी नेऊन लहान फळं झाडावरच सोडून जाणारे कमी नाहीत, आणि ती पोसण्याचा भार मग झाडावर राहतो. तोडणारी माणसं कुणाचीही असोत, कात्रीनं देठ ठेवून तोडायला लाव. ओढून तोडलेल्या फळाची साल देठाशी फाटते आणि ते पेटीत सडायला लागतं.

फळ उतरलं की झाड बाळंतिणीसारखं समज. तिला कामाला जुंपत नाहीत, आधी खाऊ घालतात. आपल्याकडे मात्र माल गेला की सहा आठवडे बागेत कुणी फिरकत नाही, आणि बागा बसतात त्या नेमक्या तेव्हा. सगळ्यात आधी सल काढ. वाळक्या आणि मोडक्या फांद्या हिरव्या भागापर्यंत कापून बाहेर नेऊन जाळ. खुंटावरचे पानसोटही काढून टाक. मग खोडांना बोर्डो मलम लाव: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. लोखंडी भांडं वापरू नकोस. जमिनीपासून तीनेक फुटांपर्यंत लाव. डिंक्या कुठे दिसला तर साल खरवडून मगच लाव. पाणी बुंध्याला टेकू देऊ नकोस, दुहेरी आळ्यातच राहू दे. शेणखत आणि निंबोळी पेंड झाडाच्या घेराखाली पडली पाहिजे. रासायनिक खताचा आकडा दुकानदाराला विचारू नकोस, मातीचा नमुना दे. आपल्या नागपूरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत हे काम चालतं, लाजू नकोस, जा.

ताण देतानाही सगळ्या बागेला एक माप लावू नकोस. ज्या झाडांनी यंदा सर्वांत जास्त दिलं आहे, ती पिवळी पडली असतील तर त्यांना ताण हलका दे. पुढच्या वर्षी त्यांच्याकडून कमी आलं तरी चालेल. आणि आंबिया हलका वाटला म्हणून त्याच झाडांवर मृग बहराचा लोभ धरू नकोस. एका झाडाकडून वर्षात दोन बहर घेणारे पाच-सहा वर्षांत कुऱ्हाड घेतात.

बोअरबद्दल तू विचारलंस. आपला तालुका पाण्याच्या अतिउपशासाठी ओळखला जातो. विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणून मिरवणाऱ्या याच गावांत पाण्यावाचून बागा उपटलेल्या लोकांनी पाहिल्या आहेत. शेजारी 700 फुटांवर गेला तर तू 800 वर जाणार, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तो 900 वर. त्या शर्यतीला शेवटची रेषा नाही. तोच पैसा शेततळ्यात घाल, ठिबकाच्या जुन्या नळ्या बदल, विहिरीत पावसाचं पाणी उतरेल अशी सोय कर. नवीन पाच एकर लावायचीही घाई नको. आधी जुन्या बागेतल्या रिकाम्या जागा भर. कलम खात्रीच्या रोपवाटिकेतलं घे, जंबेरीवर बांधलेलं आणि डोळा जमिनीपासून चांगला वीतभर उंच असलेलं. खाली बांधलेल्या कलमाला डिंक्या लवकर गाठतो.

रक्कम हातात येईल तेव्हा वाटणी ठरवूनच घरात आण. पहिला हिस्सा झाडांचा, दुसरा तुझ्या बाबांनी सोसायटीचं घेतलेलं कर्ज फेडायचा, तिसरा पुढच्या कमी सालासाठी बँकेत, त्यानंतर उरेल तो घरचा. गाडी घ्यायची तर त्या चौथ्या हिश्शातून घे, मी आड येणार नाही. तोडीला येणाऱ्या बायांची मजुरी माल विकेपर्यंत लांबवू नकोस. पुढच्या वर्षी माल कमी असेल तेव्हाही त्यांनी आधी तुझ्या बांधावर यावं, असं वाग.

पाडव्याला येईन तेव्हा हिशेबाची वही दाखव. माल किती निघाला आणि भाव काय मिळाला ते गावभर कळलेलंच असेल. झाडांवर तू किती खर्च केलास, तो आकडा मी आधी वाचीन.

सौ. सूनबाईस आशीर्वाद, पोरांना पापा.

तुझा,
मोठेबाबा