राउटरचे बिट : दांडा, झाळ आणि धार

लाकूडकामातील राउटर या यंत्राची रचना तत्त्वतः इतकी साधी असते, की त्याने केलेल्या कामाचा बरेवाईटपणा जवळजवळ सर्वस्वी त्याच्या टोकाला बसवलेल्या लहानशा फिरत्या पात्यावर, म्हणजे बिटावर, अवलंबून राहतो. पूर्वीचा सुतार गोला-गलत्यासाठी एक रंधा आणि पतामासाठी, म्हणजे फळीच्या कडेला पायरीसारखी खाच काढण्यासाठी, दुसरा रंधा बाळगीत असे, आणि प्रत्येक रंध्याचे पाते तो स्वतःच दगडावर घाशीत असल्यामुळे त्याचे पोलाद कच्चे की पक्के हे त्याला घासतानाच कळत असे. राउटरच्या बाबतीत ही ओळख तुटलेली आहे. मिनिटाला दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत फेरे घेणारे पाते धार लावून, रंग देऊन तयार मिळते, आणि ते पारखण्याची सवय हौशी माणसाच्या हाताला नसल्यामुळे तो पेटीकडे, नगांच्या संख्येकडे आणि एका नगामागे पडणाऱ्या पैशांकडे पाहून खरेदी करतो.

प्रस्तुत लेखकाची पहिली खरेदी याच पद्धतीची होती. लाकडी पेटीत ओळीने उभ्या केलेल्या पंधरा बिटांपैकी पुढील दोन वर्षांत प्रत्यक्ष उपयोगात आली ती चारच. आणि त्या चारांतील एकाचे, म्हणजे फळीच्या कडेला गोलाई देणाऱ्या बिटाचे, एक पाते सागवानी फळीवर काम चालू असतानाच निखळले. फळीवर बोटभर लांबीचा चरा उमटला, चष्म्याच्या काचेवर ओरखडा आला, आणि उडालेला तुकडा भिंतीला टेकवून ठेवलेल्या प्लायच्या पाठीत रुतलेला सापडला. नंतर भिंगाखाली पाहिले असता, ज्या खाचेत ते पाते बसवले होते तिचा निम्माच भाग पितळी रंगाच्या झाळीने माखलेला दिसला. उरलेला निम्मा भाग काळपट, कोरडा आणि टाकणखार जळून राहावा तशा काचेरी थराने झाकलेला होता. म्हणजे जे पाते दोन वर्षे लाकूड कापत होते, ते या सर्व काळात अर्ध्याच आधारावर उभे होते.

हा दोष समजण्यासाठी बिटाची घडण थोडी विस्ताराने पाहावी लागते. टंगस्टन आणि कार्बन यांच्या संयुगाचे अतिसूक्ष्म कण कोबाल्ट धातूच्या साहाय्याने भट्टीत एकजीव केले, की टंगस्टन कार्बाइड हा अत्यंत कठीण पदार्थ तयार होतो. १९२० च्या दशकात जर्मनीतील क्रुप कंपनीने तो ‘हिऱ्यासारखे’ या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून बेतलेल्या ‘विडिया’ या नावाने बाजारात आणला, आणि आपल्याकडील लेथच्या कारखान्यांत आजही कोणाच्याही कार्बाइडला सरसकट विडियाच म्हटले जाते. हा पदार्थ जितका कठीण तितकाच ठिसूळ आणि महाग असल्यामुळे बहुतेक बिटांचे अंग पोलादाचे ठेवून केवळ कापणाऱ्या जागी कार्बाइडचा पातळ तुकडा चांदीमिश्रित झाळ वितळवून जोडतात. जोड देण्यापूर्वी खाच नीट स्वच्छ झाली नाही किंवा तापमान पुरेसे चढले नाही, तर झाळ सर्वत्र पसरत नाही, आणि ही उणीव रंगाखाली झाकली जाते. म्हणून बिट हातात घेतल्यावर सर्वप्रथम पोलाद आणि कार्बाइड यांच्यामधली बारीक पिवळसर रेघ पाहावी. ती अखंड आणि सारख्या जाडीची असावी, तिच्यात टाचणीच्या टोकाएवढाही काळा खड्डा नसावा. रेघच दिसू नये इतका दाट रंग तेथपर्यंत चढवलेला असेल, तर ते बिट परत ठेवावे, असे या लेखकाचे मत आहे. रंगाने बिट सुंदर दिसते, कापत काहीच नाही.

कार्बाइडचा तुकडा किती जाड आहे, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे, कारण पुन्हा धार लावताना तो झिजतो आणि फार पातळ तुकड्याला एकदाही धार लावता येत नाही. हायस्पीड स्टीलची, म्हणजे कार्बाइडविरहित मिश्रपोलादाची, बिटे स्वस्त असतात आणि मऊ लाकडात सुरेख कापतात. परंतु सागवानात नैसर्गिकरीत्या सिलिका असते, प्लाय आणि एमडीएफमध्ये कडक झालेला गोंद असतो, आणि या दोहोंपुढे त्यांची धार फार काळ टिकत नाही.

दांड्याविषयीची, म्हणजे बिटाच्या यंत्रात आवळल्या जाणाऱ्या भागाविषयीची, चूक झाळीच्या दोषाहून साधी, पण तितकीच घातक असते. आपल्याकडे पाव इंची दांड्याला दोन सुती आणि अर्धा इंचीला चार सुती म्हणतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. परंतु ६ मिमी जाडीचा दांडाही बाजारात असतो आणि नुसत्या डोळ्यांना तो वेगळा दिसत नाही. कोलेट, म्हणजे नट आवळला की दांड्याला चहूबाजूंनी धरणारी चिरलेली नळी, तिच्या नेमक्या मापाच्या दांड्यासाठीच बनवलेली असते, मापात ०.३५ मिमीचा फरक असल्यास पकड अपुरी राहते आणि बिट काम चालू असताना हळूहळू खाली सरकून खाच खोल करीत जाते. दांडा मोजायला दुकानात व्हर्नियर नेणे विचित्र दिसते खरे, पण पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर त्यात कोणाला नवल वाटण्याचे कारण नाही. यंत्राला दोन्ही कोलेट बसत असतील, तर शक्यतो चार सुती दांडाच घ्यावा, कारण दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. व्यास दुप्पट झाला की ताठपणा सोळापट होतो, आणि थरथर कमी झाल्याने कापलेली कड गुळगुळीत येते.

व्यास आणि वेग यांचा संबंधही खरेदीच्या वेळीच ध्यानात घ्यावा. मिनिटाला २२,००० फेऱ्यांच्या वेगाने ६ मिमी व्यासाच्या बिटाची धार ताशी सुमारे २५ किलोमीटरने धावते, तर त्याच फेऱ्यांना ५० मिमी व्यासाच्या बिटाची धार ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जाते. ज्या ट्रिमरला, म्हणजे लहान राउटरला, वेग कमी करण्याची सोय नाही, त्याच्यासाठी रुंद बिट घेणेच चूक आहे, मग दांडा कितीही चपखल बसो. चांगल्या बिटाच्या दांड्यावर कमाल फेऱ्यांचा आकडा कोरलेला असतो. युरोपातील ईएन ८४७-१ या मानकाप्रमाणे बनवलेल्या बिटावर त्याच्याबरोबर ‘एमएएन’ ही अक्षरेही असतात, आणि त्यांचा अर्थ ते बिट हाताने सरकवण्याच्या कामासाठी आहे असा होतो. अशा बिटाचे पोलादी अंग पात्याच्या पुढे मुद्दाम भरीव ठेवलेले असते, त्यामुळे पाते एका घासात जाड ढलपी उचलू शकत नाही आणि यंत्राला उलट हिसका बसण्याचा धोका कमी होतो.

पंधरा नगांच्या पेटीच्या किमतीत सुटी, खात्रीची तीन-चार बिटे येतात, आणि सुरुवातीच्या कामाला तेवढी पुरतात: एक सरळ, एक गोलाईचे, एक पतामाचे, आणि सनमायका लावणाऱ्यासाठी कड सारखी करणारे, बेअरिंग असलेले एक. उरलेली गरज पडेल तेव्हा घ्यावीत.

धार गेली म्हणून टाकून दिलेली बरीच बिटे प्रत्यक्षात केवळ मळलेली असतात. लाकडातील राळ पात्याच्या पाठीवर भाजून बसते, घर्षण वाढते, आणि कडेवर तपकिरी डाग उमटू लागतात. असे बिट पुसून नखावर अलगद टेकवून पाहावे. धार नखात किंचित रुतली तर ती शाबूत आहे आणि घसरली तरच पुन्हा धार लावण्याची गरज आहे. साफ करण्यासाठी ते द्रावणात बुडवण्यापूर्वी टोकाचा स्क्रू सोडवून बेअरिंग बाजूला काढून ठेवावे, कारण त्याच्या आतले ग्रीस धुऊन निघाले तर ते अडकते, पात्याबरोबर फिरू लागते आणि ज्या कडेच्या आधाराने चालायचे तीच जाळून काळी करते.