महाविद्यालयाचा विस्तार आणि शेजाऱ्यांचा हक्क

प्रश्न : घरामागचे खासगी महाविद्यालय परिसर वाढवणार आहे. आमचा प्लॉटही विकास आराखड्यात ‘शैक्षणिक’ होणार, असे कानावर आले. आम्हाला कोणी विचारणार की नाही?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : विचारावेच लागेल. नगररचना अधिनियम, १९६६च्या कलम ३७नुसार मंजूर आराखड्यात फेरबदल करताना नगरपरिषदेला राजपत्रात सूचना काढून महिन्याभरात हरकती मागवाव्या लागतात. बाधितांना वेगळी नोटीसही द्यावी लागते. मंजुरी राज्य शासन देते. ऐकीव गोष्टींवर राहू नका, आधी झोन दाखला आणि भाग नकाशा काढा.

हरकत लेखी द्या, पोच घ्या, सुनावणीला स्वतः जा. ‘त्रास होईल’ एवढ्याने भागत नाही. रस्त्याची रुंदी, पार्किंग, सांडपाणी, वसतिगृहाला लागणारे पाणी यांवर बोट ठेवा. आपल्याकडचा उन्हाळा पाहता पाण्याचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. १९६२पासून उदयगिरी महाविद्यालय असलेल्या गावाला शिक्षणसंस्था हव्यातच, पण शेजाऱ्यांना डावलून नव्हे.

सक्तीने जमीन जाईल ही भीती थोडी कमी करा. २०१३च्या भूसंपादन कायद्याने सार्वजनिक प्रयोजनाच्या पायाभूत प्रकल्पांतून खासगी शिक्षणसंस्था वगळल्या आहेत. आरक्षण पडलेच आणि दहा वर्षांत संपादन झाले नाही, तर नगररचना अधिनियमाच्या कलम १२७खाली खरेदीची नोटीस बजावता येते.