घोड्याचे पारपत्र : ओळख, माहिती आणि सीमापार विश्वास

पशुधनाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारात घोड्याचे स्थान वेगळे आहे. तो एका देशात जन्मतो, दुसऱ्या देशात विकला जातो आणि तिसऱ्या देशातील स्पर्धेत उतरतो. त्याचा मालकही अनेकदा परदेशात स्थायिक झालेला असतो. अशा वेळी घोड्याची ओळख, त्याचे आरोग्य व त्याच्यावर झालेले औषधोपचार यांची खात्री कोणी द्यावी, हा प्रश्न निर्माण होतो. युरोपीय संघाने त्याला दिलेले उत्तर म्हणजे घोड्याचे ओळखपत्र, अर्थात 'पारपत्र'. बाजारातील माहितीची विषमता शासन कशी कमी करू शकते, हे समजण्यासाठी या व्यवस्थेचा अभ्यास उपयुक्त आहे.

व्यवस्थेचा विकास

युरोपीय समुदायाने 1993 मध्ये वंशनोंदणी झालेल्या घोड्यांसाठी समान ओळखपत्र निश्चित केले. पुढे 2000 मध्ये प्रजनन व उत्पादनासाठी पाळलेल्या अन्य घोड्यांनाही ते लागू झाले. जुलै 2009 पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या घोड्याच्या मानेत मायक्रोचिप बसवणे बंधनकारक करण्यात आले. पारपत्रात घोड्याचा रंग, अंगावरील खुणा व भोवरे, चिपचा क्रमांक, आजीवन क्रमांक, लसीकरण आणि औषधांच्या नोंदी असतात. एका घोड्याला आयुष्यभरात एकच ओळखपत्र, हे या व्यवस्थेचे मूलतत्त्व आहे.

औषधाची नोंद आणि अन्नसुरक्षा

युरोपातील काही देशांत घोड्याचे मांस खाल्ले जाते. त्यामुळे घोडा हा कायद्याच्या दृष्टीने खाद्यप्राणीही ठरतो. वेदनाशामक म्हणून सर्रास वापरले जाणारे फिनाइलब्युटाझोन हे औषध दिलेला घोडा अन्नसाखळीतून कायमचा वगळला जातो व तशी नोंद पारपत्रात होते. हा निर्णय नंतर बदलता येत नाही. 2013 मध्ये गोमांस म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांत घोड्याचे मांस आढळल्याचे आयर्लंडमध्ये उघड झाले आणि हे प्रकरण अनेक देशांत पसरले. केवळ कागदावरील नोंद पुरेशी नाही, हे त्यातून दिसून आले. म्हणून 2016 पासून लागू झालेल्या नियमांनी प्रत्येक सदस्य देशाला केंद्रीय माहितीसंच ठेवणे बंधनकारक केले.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले होते की, विक्रेत्याला ठाऊक असलेले दोष खरेदीदारापासून लपून राहिले, तर चांगला मालच बाजारातून मागे हटतो. घोड्याच्या बाजाराला हेच तत्त्व लागू पडते. पारपत्र ही लपलेली माहिती उघड करते.

परदेशस्थ मालकाची अडचण

फ्रान्समध्ये राहणाऱ्या ब्रिटिश घोडेमालकाचे उदाहरण येथे बोलके आहे. पारपत्र हा मालकीचा पुरावा नाही. फ्रान्समध्ये मालकीसाठी स्वतंत्र पत्र असते आणि तेथे वास्तव्यास आणलेल्या घोड्याची नोंद राष्ट्रीय माहितीसंचात करावी लागते. ब्रिटन संघात असताना फ्रान्स, आयर्लंड व ब्रिटन यांच्यातील त्रिपक्षीय करारामुळे अनेक घोड्यांची ये-जा सुलभ होती. 31 डिसेंबर 2020 रोजी संक्रमणकाळ संपला आणि ही सवलत संपुष्टात आली. आता ब्रिटनहून संघात येणाऱ्या घोड्यासाठी रक्ततपासणी, अधिकृत पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र आणि ठरावीक सीमा-तपासणी केंद्रातूनच प्रवेश आवश्यक असतो. परतीच्या प्रवासालाही आरोग्य प्रमाणपत्र लागते. घोडा तोच, चिप तीच, पारपत्रही तेच. परंतु ते देणाऱ्या देशाचे स्थान बदलताच मालकाचा खर्च व कालावधी वाढला. ओळखपत्राचे मूल्य त्यामागील संस्थांच्या परस्पर मान्यतेवर अवलंबून असते, हा यातील मुख्य बोध होय.

भारताच्या दृष्टीने

2023 च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत ड्रेसाज प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळवणारे भारतीय खेळाडू युरोपात सराव करीत होते व त्यांचे घोडेही तेथूनच स्पर्धेला गेले. त्या वेळी भारतात आंतरराष्ट्रीय मान्यता असलेला अश्वरोगमुक्त कक्ष नव्हता. रोगाविषयीची खात्री नसेल, तर एकट्या घोड्याचे निर्दोष कागदपत्रही अपुरे पडते. जुलै 2025 मध्ये मीरत येथील सैन्याच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेने देशातील पहिला अश्वरोगमुक्त कक्ष म्हणून मान्यता दिली. त्यामुळे भारतीय घोड्यांना परदेशी स्पर्धांत नेण्याचा मार्ग खुला होण्यास मदत झाली आहे.

मात्र प्रश्न केवळ क्रीडेपुरता मर्यादित नाही. 2019 च्या पशुगणनेनुसार देशात घोडे व तट्टे यांची संख्या सुमारे 3.4 लाख असून 2012 च्या तुलनेत ती 45 टक्क्यांहून अधिक घटली आहे. वीटभट्टी, टांगा वा डोंगरी यात्रामार्गावर चालणाऱ्या जनावरांवर अनेक गरीब कुटुंबांची उपजीविका अवलंबून आहे. ग्लँडर्ससारख्या रोगाची बाधा झालेले जनावर कायद्यानुसार नष्ट करावे लागते. ओळख व हालचालींची नोंद असेल, तर रोगाचा माग लवकर लागतो आणि निर्बंध मर्यादित क्षेत्रापुरते ठेवता येतात.

थोडक्यात, रोगनियंत्रण ही सार्वजनिक वस्तू आहे; तिचा लाभ सर्वांना मिळतो, पण नोंदणीचा खर्च मात्र एकेकट्या मालकाला करावा लागतो. श्रीमंत मालक तो सोसू शकतो. टांगेवाल्याला तो परवडणारा नाही. म्हणून ओळख-व्यवस्थेचा खर्च कोणी उचलावा, हा प्रश्न तांत्रिक नसून सार्वजनिक वित्ताचा आहे.