ताऱ्यांचे जन्म-मरण

ताराही जन्मतो व मरतो, हे ऐकून आमच्या बालवाचकांस नवल वाटेल. माणसाने शंभर वर्षे जगावे व ताऱ्याने कोट्यवधी. मग ताऱ्याचे आयुष्य पाहिले कोणी? परंतु एकत्र कुटुंबात पाळण्यातील बाळ, कर्ता पुरुष व वृद्ध आजी एकाच दिवशी पाहून परका मनुष्यही आयुष्याचा क्रम ताडतो. पौषातील अमावास्येच्या सुमारास, रात्री आठ वाजता, भिवंडीतील गच्चीवरून पूर्वेस असेच एक कुटुंब दिसते.

मृगातील तीन ताऱ्यांचा बाण सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याच्या उजवीकडे जो अंधुक पुंजका दिसतो, तो तेजोमेघ होय. तेथे वायू व धूळ स्वतःच्या आकर्षणाने आकसून, तापून नवे तारे जन्मत आहेत. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेच्या वीस इंची दुर्बिणीतून प्रा. कावसजी नायगामवाला यांनी याच मेघाच्या प्रकाशाचा अभ्यास केला व तो १८९१ साली प्रसिद्ध केला. (१९१२ साली ती वेधशाळा बंद होऊन दुर्बीण कोडाईकनालास गेली, याचे आम्हांस अजून वाईट वाटते.)

तारा जळतो तो लाकडासारखा नव्हे. त्याच्या गर्भात हायड्रोजनचे हेलियम होते, आणि त्यातून निघणारी उष्णता ताऱ्याचा भार तोलून धरते. गर्भातील हायड्रोजन सरला की तोल बिघडतो. गाभा आकसतो, बाहेरचे अंग फुगून तांबूस होते. बाणाची रेघ वर वाढविली असता भेटणारी रोहिणी या अवस्थेत आहे. वजनाने ती सूर्याहून फारशी अधिक नाही, पण रुंदीने चाळीसपटीहून मोठी झाली आहे. आपला सूर्य साडेचार अब्ज वर्षांचा. आणखी सुमारे पाच अब्ज वर्षांनी त्याचीही हीच गत व्हावयाची. पुढे बाहेरचे थर उडून जातात व नुसता गाभा निवत राहतो. रेघ खाली वाढविली की व्याध येतो. त्याचा असा एक सोबती १८६२ साली प्रथम दृष्टीस पडला. वजन सूर्याएवढे, आकार पृथ्वीएवढा!

मृगातील तांबडा काक्षी मात्र निराळा. त्याचे वजन सूर्याच्या दसपटीहून अधिक. ज्याच्या कणगीत धान्य जास्त, त्याला ते जास्त दिवस पुरावे, असे आपण म्हणू. परंतु अशा ताऱ्याचा खर्च पुंजीहूनही वेगाने वाढतो. जेमतेम एक कोटी वर्षांत काक्षी म्हातारा झाला. २०१९ च्या अखेरीस तो फार मंदावला, तेव्हा आता स्फोट होणार अशी हाकाटी झाली. ती त्यानेच फेकलेल्या धुळीची करामत ठरली. स्फोट केव्हा तरी होईलच. अशा स्फोटामागे उरणारे, गरगर फिरणारे न्यूट्रॉन तारे माळशेज घाटापलीकडील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांनी अभ्यासले जातात. उधळलेले द्रव्य नव्या मेघांत मिसळते. आपल्या हाडांतील कॅल्शियम व रक्तातील लोह जुन्या ताऱ्यांतच घडले.

शहराच्या दिव्यांमुळे तो पुंजका न दिसल्यास वज्रेश्वरीकडील एखाद्या नातेवाइकाच्या अंगणातून पाहावा; हाती द्विनेत्री असल्यास फारच उत्तम.