पालवणकर बाळू : मैदानावरचा स्पर्श आणि तंबूतला विटाळ

क्रिकेटविषयी आपल्याकडे बोलणारे फार आणि वाचणारे थोडे. सामन्याच्या दिवशी बेलापूरच्या पेठेत घटकाभर उभे राहिले, तर गेल्या दहा वर्षांतल्या धावसंख्या तोंडपाठ म्हणून दाखविणारे चार जण तरी भेटतातच. पण भारताने पहिला कसोटी सामना खेळला तो १९३२ साली. त्याच्या आधीची तीस-चाळीस वर्षे या देशात क्रिकेट कोण खेळत होते, असे विचारले की रणजी आणि फार तर सी. के. नायडू यांच्यापुढे आपली गाडी सरकत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला खेळाडू त्याच काळातला आहे. तो मराठी घरातला होता, पुण्यामुंबईत वाढला, आणि त्याच्या पिढीतला हिंदुस्थानातील सर्वोत्तम गोलंदाज म्हणून ओळखला गेला. त्याचे नाव पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातल्या पालवणचे, जात चर्मकार. म्हणजे त्या वेळच्या समाजरचनेत अस्पृश्य. वडिलांना पुण्यास लष्कराच्या आश्रयाने नोकरी मिळाली आणि मुले छावणीच्या परिसरात वाढली. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि झिजलेले चेंडू घेऊन बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांनी खेळाचे पहिले धडे गिरविले. शाळेपेक्षा पोट मोठे, म्हणून बाळूंना लहानपणीच नोकरी धरावी लागली. ती नोकरीही क्रिकेटच्याच मैदानावरची. पुण्यातल्या पारशी मंडळींच्या एका क्लबात खेळपट्टी झाडणे, रूळ फिरविणे आणि सभासदांना हुक्की आली तर त्यांना चार चेंडू टाकणे, असे काम होते. पगार महिना तीन रुपये.

१८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यात लागले. तेथे चार रुपये मिळू लागले आणि काम वाढले. खेळपट्टी तयार करायची, नेट लावायचे, टेनिसच्या मैदानावर रेषा मारायच्या. तेथल्या ट्रॉस नावाच्या एका इंग्रज सभासदाने त्यांना नेटमध्ये गोलंदाजी करण्यास उत्तेजन दिले. पुढे कॅप्टन जे. जी. ग्रेग या नामांकित फलंदाजाने तर त्यांना सरावासाठी जवळजवळ राखूनच ठेवले. ग्रेगसाहेब सकाळी सर्वांच्या आधी मैदानावर येत आणि तासन्‌तास बाळूंच्या गोलंदाजीवर खेळत. बाळूंनी एकदा बाद केले की ते आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. हिशेब करून पाहा : आठ वेळा साहेबाला बाद केले की महिन्याचा पगार सुटला! डाव्या हाताने मंदगती गोलंदाजी, चेंडूला दिलेली उंची, टप्प्यावरची हुकमत आणि दोन्ही बाजूंना वळविण्याची करामत हे सारे या रोजंदारीत घोटले गेले. मात्र एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या जिमखान्यात शेकडो तास चेंडू टाकणाऱ्या या तरुणाच्या हाती एकदाही कोणी बॅट दिली नाही. फलंदाजी हा धन्याचा खेळ, गोलंदाजी हे नोकराचे काम, अशी ती सरळ वाटणी होती. आपल्याकडे सामन्याच्या आदल्या दिवशी उन्हात चुन्याच्या रेषा मारणाऱ्या माणसाचे नाव तरी आपणांपैकी किती जणांना माहीत असते?

साहेबाला चकविणारा गोलंदाज गावात आहे ही वार्ता पुण्याच्या हिंदू क्लबापर्यंत गेली. युरोपियनांना हरवायचे तर बाळू हवेत. पण बाळूंना घ्यायचे तर विटाळाचे काय? क्लबात पुष्कळ वाद झाला आणि अखेर जिंकण्याच्या इच्छेने रूढीवर मात केली. अर्थात ती अर्धवटच केली. मैदानावर बाळूंच्या हातातला चेंडू ब्राह्मण यष्टिरक्षकाने झेलायचा, तो सगळ्यांच्या हातून फिरायचा. पण चहाची वेळ झाली की बाळूंना तंबूच्या बाहेर, टाकून देता येईल अशा मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. जेवायला वेगळी पंगत, वेगळे ताट. तोंड धुवायचे झाले तर पाणी घालायला त्यांच्यासारखाच एखादा अस्पृश्य नोकर. आता गंमत अशी, की तो चेंडू कातड्याचा. ज्या कातड्याच्या धंद्यापायी एका समाजाला शिवाशिवीबाहेर ठेवले, तेच कातडे शिवून केलेला चेंडू शिवण्यात कुणालाच दोष वाटत नव्हता. विटाळ वस्तूचा नव्हता आणि हाताचाही नव्हता. तो पंक्तीत शेजारी बसण्याचा होता.

सातारच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध बाळूंनी सात गडी बाद करून पुण्याला जिंकून दिले, तेव्हा वारे थोडे फिरले. बाळूंचा टप्पा बोथट व्हावा म्हणून यजमानांनी आधी कित्येक दिवस खेळपट्टीवर रूळ फिरवून ठेवला होता, असे सांगतात. पुण्यात सत्कार झाला, न्यायमूर्ती रानड्यांनी बाळूंना हार घातला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर बसून चहा आणि जेवण घ्यायलाही हरकत असू नये, असे रानड्यांनी खेळाडूंना सुनावल्याची आठवण नोंदलेली आहे. लोकमान्य टिळकांनीही पुढे त्यांचा जाहीर गौरव केला.

प्लेगच्या साथीने पुणे उठले आणि बाळू मुंबईस आले. तेथे आधी लष्करात व नंतर बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. तिथेही काही सभासदांनी जातीचा आक्षेप घेतला होता. कर्णधार कीर्तिकर ठाम राहिले म्हणून तो टिकला नाही.

फेब्रुवारी १९०६ मधला हिंदू विरुद्ध युरोपियन हा सामना त्यांच्या आयुष्यातला मोठा टप्पा. वंगभंगाची चळवळ भरात होती आणि मुंबईच्या मैदानावर त्या चळवळीचीच जणू वेगळी लढाई चालली होती. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, युरोपियनांनी १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळू आणि एराशा या दोघा गोलंदाजांनी साहेबाच्या फलंदाजांचे कंबरडे मोडले. शिवरामही त्या संघात होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारक पत्राने या विजयाचा संबंध जातिभेद बाजूला सारण्याशी जोडला. त्या पत्राची आशा थोडी भाबडी होती असे आज म्हणता येईल. पण सामन्याच्या निकालातून समाजशास्त्र वाचण्याचा तो पहिल्या काही प्रयत्नांपैकी एक होय.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदू, मुसलमान व पारशी खेळाडूंचा संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी यथातथाच झाली. तेवीस सामन्यांपैकी पंधरा हरले, सहा जिंकले. कर्णधार महाराज मैदानापेक्षा मेजवान्यांतच अधिक रमले. ते वर्ष पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाचे होते. या सगळ्या पडझडीत पस्तिशी ओलांडलेल्या बाळूंनी, खांदा दुखत असतानाही, सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ बळी, ही त्यांची प्रथम श्रेणीतील सर्वोत्तम कामगिरी. सॉमरसेटविरुद्ध शिवरामनी नाबाद ११३ धावा काढून सामना खेचून आणला. ज्यांना आपल्या गावात तंबूबाहेर चहा मिळत होता, त्या घरातल्या दोघा भावांनी परमुलखात हिंदुस्थानची अब्रू राखली! परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या तरुणाने लिहिले होते, असे सांगितले जाते.

इथवरची वाट चढणीची होती, पण वाट होती. आता भिंत लागते. मुंबईच्या तिरंगी आणि १९१२ पासून चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचा आधारस्तंभ बाळू; त्यांच्यामागून शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे तिघे भाऊही संघात आले. अनुभव, ज्येष्ठता, कामगिरी यांपैकी कोणताही निकष लावला तरी कर्णधारपद बाळूंकडे जायला हवे होते. ते गेले नाही. १९१३ साली कर्णधार झालेल्या मु. दा. पै यांनी आपल्याच सत्कारसभेत, हा मान आपल्यापेक्षा ज्येष्ठ व अनुभवी बाळूंना मिळायला हवा होता, असे मोकळेपणाने सांगितले. पैंचा हा मनाचा मोठेपणा मुद्दाम नोंदवला पाहिजे. पण निवड समितीला पाझर फुटला नाही. का? माझ्या मते उत्तर पूना जिमखान्यातच आहे. गोलंदाज राबतो, कर्णधार हुकूम सोडतो. अस्पृश्याचे राबणे समाजाला सवयीचे होते. ‘तू तिकडे उभा राहा’ असे त्याने उच्चवर्णीयाला सांगावे, हे मात्र पचणारे नव्हते.

बाहेरच्या जगातले एक उदाहरण येथे तुलनेसाठी घेतो. अमेरिकेत बाजारात मिळणाऱ्या मोटारींच्या धर्तीवर बांधलेल्या गाड्यांच्या शर्यती फार लोकप्रिय आहेत. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा वेंडेल स्कॉट (१९२१-१९९०) हा त्यांतल्या आद्य कृष्णवर्णीय शर्यतपटूंपैकी एक. महायुद्धात सैन्यात मेकॅनिक, टॅक्सीचालक, शिवाय चोरट्या दारूची वाहतूक करताना पोलिसांना हुलकावण्या देऊन वेग शिकलेला! १ डिसेंबर १९६३ रोजी फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे तो जिंकला. पण निशाण दाखविले गेले बक बेकर या गोऱ्या स्पर्धकाला. मोजणीत चूक झाली असे संयोजकांनी काही तासांनी मान्य केले. तोवर प्रेक्षक घरी गेले होते आणि चषक बेकरच्या हाती गेला होता. स्कॉटच्या कुटुंबाला संयोजक संस्थेने तो चषक दिला तो २०२१ साली, त्याच्या मृत्यूनंतर एकतीस वर्षांनी.

दोघांची जातकुळी एकच दिसते, तरी एक फरक आहे. क्रिकेट हा संघाचा खेळ. बाळूंवाचून हिंदू संघाला जिंकता येत नव्हते, म्हणून नाखुशीने का होईना दार किलकिले करावे लागले. स्कॉट एकटा होता. त्याला हरवण्यात सगळ्यांचे हित आणि त्याच्या जिंकण्यात कुणाचेच नाही. पैसा पुरविणारी कंपनी पाठीशी नव्हती. जुन्या गाड्या घेऊन, घरच्या पोरांना हाताशी धरून तो स्वतःच इंजिन उघडत-जोडत असे. बाळूंना गरजेने आत घेतले आणि पायरीवर थांबविले. स्कॉटला आत घेण्याची गरजच कुणाला भासली नाही. तो आपल्या हिमतीवर घुसला. यांपैकी कोणता अपमान अधिक, हे ठरविणे कठीण आहे.

१९२० साली भिंतीला तडा गेला. जानेवारीत ‘मूकनायक’ सुरू झाले होते, अस्पृश्यतेचा प्रश्न काँग्रेसच्या व्यासपीठावर येत होता. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांत आरंभी बाळूंना वगळण्यात आले. पै आजारी पडल्यामुळे कर्णधारपद रिकामे झाले, तर ते प्रा. दि. ब. देवधर यांना दिले गेले. देवधरांच्या गुणवत्तेविषयी वाद नाही; पण पालवणकर बंधू ज्येष्ठ होते. विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले आणि आपला निषेध त्यांनी वृत्तपत्रातून जाहीरपणे मांडला. खेळाडूंनी, आणि तेही अस्पृश्य खेळाडूंनी, असा जाहीर बहिष्कार घालणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. नोकरी, संघातील जागा, नाव, सारेच पणाला लागले होते. लोकमत त्यांच्या बाजूने वळले. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात पै कर्णधार म्हणून परतले, दोघे भाऊ परतले आणि बाळू उपकर्णधार झाले. सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ संघ बाळूंच्या हुकमतीखाली खेळला. वयाची पंचेचाळिशी आलेल्या माणसाच्या वाट्याला आलेले ते नेतृत्व. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, हिंदू संघाचे कर्णधारपद विठ्ठल यांच्याकडे आले. युरोपियनांवर विजय मिळाला तेव्हा प्रेक्षकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतले.

बाळूंच्या नंतरच्या आयुष्याविषयी आपल्याकडे थोडे अवघडून बोलले जाते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने ते एम. सी. राजा यांच्यासमवेत उभे होते, म्हणजेच डॉ. आंबेडकरांच्या मूळ मागणीच्या विरोधी बाजूला. १९३७ च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. मानपत्र लिहिणारा आणि ते स्वीकारणारा पंचवीस वर्षांनी असे समोरासमोर आले. काँग्रेसने बाळूंच्या लोकप्रियतेचा वापर करून घेतला असे मला वाटते. पण ज्याने आयुष्यभर सवर्णांच्या संघातच राहून जागा मिळविली, त्याचा आतून बदल घडविण्यावर विश्वास असावा, यातही नवल नाही. दोन हजारांचे अंतर लहान नव्हे, पण मोठेही नव्हे. गिरणगावच्या मतदारांना त्यांचा चेंडू अजून आठवत असावा.

कदाचित त्यामुळेच ते सगळ्यांच्या वहीतून निसटले. कसोटीचा इतिहास लिहिणारे १९३२ पासून मोजू लागले. जातवार सामने १९४६ नंतर बंद पडले, आणि ते योग्यच झाले, पण त्यांच्याबरोबर त्यांतले पराक्रमही अडगळीत गेले. दलित चळवळीला ते दुसऱ्या बाजूचे वाटले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१ एवढे आकडे मागे राहिले. या घराण्याची हकीकत घरातल्याच माणसाच्या तोंडून ऐकायची असेल, तर विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे १९४८ साली निघालेले आत्मचरित्र मराठीतच आहे. एखाद्या जुन्या ग्रंथालयात सापडले तर अवश्य वाचावे.