सिग्नलला बंद पडणारी गाडी

पोरी, तुझी जुनी मारुती 800 रस्त्यावर छान पळते आणि सिग्नलला थांबता थांबता बंद पडते, असं म्हणालीस. गॅरेजमध्ये नेलीस की बहुतेक जण आयडलचा स्क्रू पिळून रेस वाढवून देतील. गाडी बंद पडायची थांबेल, पण पेट्रोल जास्त पिईल आणि दुखणं आतच राहील. स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावायचा. गाडी नेमकी कधी बंद पडते, ते आधी बघायचं.

ॲक्सिलरेटरवरून पाय काढलास की थ्रॉटलची झडप मिटते. मग इंजिन चालतं ते बारीक वाटेनं येणाऱ्या हवा-पेट्रोलवर. वेगात असताना थोडं कमीजास्त खपून जातं; आयडलला, मिनिटाला आठशे-नऊशे फेऱ्यांवर, खपत नाही. म्हणून खोट थांबतानाच उघडी पडते.

पहिला संशय क्लचवर. सपाट, मोकळ्या रस्त्यावर थांबायच्या आधीच न्यूट्रल कर. अशी थांबवताना इंजिन चालू राहिलं आणि गिअरमध्ये क्लच दाबून थांबताना मात्र बंद पडलं, तर क्लच पूर्ण सुटत नाही. आधी केबल बघ. हा प्रयोग घाटात, उतारावर मात्र कधीही करू नकोस.

मग ब्रेक. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. ब्रेक दाबताच इंजिन धापा टाकत असेल किंवा पायापाशी फुस्स आवाज येत असेल, तर ब्रेकचा जोर वाढवणारा बूस्टर हवा घेतोय. खात्री करायची तर इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा मार, मग दाबून धर आणि स्टार्टर मार. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक. हललंच नाही तर बूस्टर, त्याची नळी किंवा वन-वे व्हॉल्व्ह बघायचा. हे काम उद्यावर टाकू नकोस.

सीएनजी किट असेल तर दोन दिवस फक्त पेट्रोलवर चालव. पेट्रोलवर दुखणं गेलं, तर गाडी सोड आणि किटवाल्याकडून रेड्युसर आणि गॅसचं ट्युनिंग तपासून घे. एसी लावल्यावरच बंद पडत असेल, तर कॉम्प्रेसरचा भार आला की रेस आपोआप वाढवणारी व्यवस्था काम करत नाही.

आता बॉनेट उघड. इंजिन आयडलला ठेवून व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या एकेक करून चिमटीत दाब. एखादी दाबल्यावर इंजिनाचा सूर सुधारला, तर त्या वाटेनं इंजिन चोरून हवा घेतंय. जुनं रबर टोकापाशी चिरतं. नळी लांब असेल तर टोक कापून पुन्हा बसवता येते. ओढणी, बांगड्या, केस मात्र फॅन बेल्टपासून लांब ठेव.

पुढचं काम गाडीच्या वयावर. 2000 च्या आसपास कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शन आलं. कार्बोरेटरवाली असेल, तर स्लो जेट कचऱ्यानं तुंबलाय का बघायचं. तो हवेच्या दाबानं साफ करायचा, तार घालायची नाही. भोक मोठं झालं की जेट वाया गेला. कार्बोरेटरवर फ्युएल कट सोलेनॉइड असेल, तर चावी फिरवल्यावर टक् आवाज यायला हवा. तो आला नाही, तर आधी वायर तपास. एमपीएफआयवाली असेल, तर थ्रॉटल बॉडीत साचलेली काजळी आणि आयडलची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह साफ करून घे. क्लीनरचा फवारा गरम इंजिनावर मारायचा नाही, आग लागू शकते. बॅटरी काढून बसवल्यानंतर काही गाड्या आयडल पुन्हा शिकेपर्यंत अडखळतात. तेवढ्यानं घाबरू नकोस.

प्लग काढून बघायला विसरू नकोस. तुझ्या इंजिनात तीनच सिलिंडर. एकाचा प्लग दमला की एक तृतीयांश ताकद गेली. वेगात ते कमी जाणवतं, आयडलला गाडी थरथरते.

हे सगळं होईपर्यंत गर्दीत जपून चालव. धावत्या गाडीचं इंजिन बंद पडलं, तर बूस्टरमध्ये एक-दोनदा ब्रेक दाबण्यापुरताच जोर उरतो. तेव्हा ब्रेक पुन्हा पुन्हा मारायचा नाही, एकदाच दाबून धरायचा.

आणि गॅरेजात गेलीस की ‘गाडी बंद पडते’ एवढंच सांगू नकोस. गार असताना की गरम झाल्यावर, गॅसवर की पेट्रोलवर, एसी लावून की बंद ठेवून, ब्रेक दाबल्यावर की नुसता पाय काढल्यावर, हे चार प्रश्न घरीच सोडवून जा. मग निदान अर्धं झालेलं असतं आणि नको ते पार्ट बदलायला कोणी लावत नाही.